युद्धाचे माहितीपट आणि आपले मत

(मंडळाच्या सप्टेंबर महिन्याच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सप्टेंबरच्या सभेत १७ तारखेच्या निमित्ताने कोणीतरी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या वर्षी ते काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नाही, लष्करातून निवृत्त झालेले अधिकारी नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकुनी करणारे. तेव्हा लढाईचे डावपेच आमच्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. आमचा विषय साधा आहे. युद्धे आपण हल्ली ज्या माहितीपटांतून पाहतो, ते माहितीपट आपले मत कसे घडवतात, आणि त्याचा १७ सप्टेंबरशी काय संबंध आहे, एवढेच सांगायचे आहे.

कोणत्याही युद्धाचा विषय निघाला की आपल्या दिवाणखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "अहो, मी स्वतः पाहिलंय!" नातू तसे म्हणतो आणि निवृत्त आजोबाही तसेच म्हणतात. पाहिलेले असते ते पडद्यावर. आमच्या धंद्यात 'स्वतः पाहिले' या शब्दांना वजन आहे. रोखपाल नोट स्वतः पाहतो, चेकवरची सही आम्ही स्वतः पडताळतो. पण वर्षअखेरचा ताळेबंद वाचणाऱ्याने व्यवहार पाहिलेले नसतात. कोणीतरी निवडून, जुळवून, बेरीज करून मांडलेला कागद त्याने पाहिलेला असतो. त्यातला एकेक आकडा खरा असला तरी कोणती रक्कम कोणत्या सदराखाली घातली आणि कोणती तळटीपेत ढकलली, यावर कंपनी सुस्थितीत दिसते की बुडीत दिसते ते ठरते. माहितीपट हा असाच ताळेबंद आहे. तो वाचायला शिकले पाहिजे. फेकून देण्याची गरज नाही.

सुरुवात अगदी जुन्या उदाहरणापासून करू. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात ब्रिटिशांचा मोठा हल्ला सुरू झाला. पहिल्या एका दिवसात त्यांचे १९,२४० लोक मारले गेले. जेफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅक्डॉवेल हे दोघे तिथे कॅमेरे घेऊन होते. त्यांनी टिपलेल्या दृश्यांचा 'द बॅटल ऑफ द सोम' हा मूकपट लढाई चालू असतानाच, ऑगस्ट १९१६ मध्ये, लोकांना दाखवण्यात आला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटे खपली. आपला मुलगा, भाऊ, नवरा कुठे दिसतो का, हे शोधायला माणसे चित्रगृहात जात होती.

त्या चित्रपटातले सर्वांत गाजलेले दृश्य म्हणजे शिपाई खंदकातून वर चढतात आणि त्यांतला एक गोळी लागून मागे घसरतो. पुढच्या शंभर वर्षांत पहिल्या महायुद्धावर निघालेल्या कितीतरी माहितीपटांत हे दृश्य वापरले गेले. आपल्यापैकी पुष्कळांनी नकळत पाहिले असेल. अभ्यासकांनी तपासल्यावर लक्षात आले की हे दृश्य प्रत्यक्ष हल्ल्याचे नाही. आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी ते मुद्दाम घडवून आणलेले आहे. शिपायांच्या पाठीवर हल्ल्याच्या वेळचे जड सामान नाही. कॅमेरा जिथे उभा आहे तिथे खऱ्या लढाईत माणूस उभा राहूच शकला नसता.

मग तो चित्रपट खोटा ठरला का? नाही. घडवलेला भाग फार थोडा आहे. जखमींना पाठीवर घेऊन येणारी माणसे खरी आहेत, मृतदेह खरे आहेत. म्हणूनच २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत स्थान दिले. आमच्या भाषेत सांगायचे तर खाते खरे आहे, पण त्यातल्या एका नोंदीला व्हाउचर नाही. दुर्दैव असे की लोकांच्या डोळ्यांत नेमकी तीच एक नोंद राहिली.

आता त्याच १९१६ सालातली दुसरी घटना पाहा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला होता. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस वेढा चालला. शिपाई उपासमारीने खंगले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांनी शरणागती पत्करली. त्यांत बहुसंख्य आपले हिंदी शिपाई आणि त्यांच्यासोबतचे नोकरचाकर होते. पुढे कैदेत त्यांतले हजारो मेले. पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेले सर्वाधिक हिंदी सैनिक मेसोपोटेमियाच्याच आघाडीवर होते. पण कूटचा असा कोणताही चित्रपट निघाला नाही आणि दोन कोटी तिकिटे खपली नाहीत. त्यामुळे पहिले महायुद्ध म्हटले की आपल्या मुलांच्याही डोळ्यांसमोर फ्रान्सचा चिखल येतो. ज्या वाळूत सातारा-रत्नागिरीची माणसे गाडली गेली ती वाळू येत नाही. माहितीपटाचा पहिला परिणाम हा, की जिथे कॅमेरा होता तिथेच युद्ध झाले असे आपण समजू लागतो.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. १९४२ ते १९४५ या काळात फ्रँक काप्रा या नामवंत दिग्दर्शकाने अमेरिकी लष्करासाठी 'व्हाय वुई फाइट' ही सात चित्रपटांची मालिका केली. नव्याने भरती झालेल्या शिपायाला आपण कशासाठी लढतो हे समजावे, हा हेतू. काप्राची हुशारी अशी की त्याने शत्रूचेच चित्रीकरण वापरले. लेनी रीफेनश्टालने हिटलरच्या गौरवासाठी १९३५ साली जो चित्रपट केला, त्यातलीच संचलने, तेच झेंडे त्याने घेतले आणि निवेदन बदलले. जर्मन प्रेक्षकाची छाती जे दृश्य पाहून फुगत होती, तेच पाहून अमेरिकी प्रेक्षक चवताळून उठला. दृश्याला स्वतःचे मत नसते, ते निवेदक देतो, हे यावरून समजावे.

त्याच मालिकेत १९४३ साली 'द बॅटल ऑफ रशिया' निघाला. त्या वेळी रशिया मित्रराष्ट्र होता. म्हणून रशियन जनतेच्या शौर्याचे भरभरून वर्णन आहे, आणि ते शौर्य खरेच होते. पण ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी जो करार केला, ज्याच्या आधारे दोघांनी पोलंड वाटून घेतला, त्याचा चित्रपटात उल्लेख नाही. पुढे चार-पाच वर्षांत मित्र प्रतिस्पर्धी झाला आणि अमेरिकेला हे पान पुन्हा आठवले. अशा चित्रपटात खोटे वाक्य शोधत बसून उपयोग नसतो. गाळलेले पान शोधावे लागते.

हे सारे परदेशातच होते असे नाही. १९४३ साली ब्रिटिश सरकारने आपल्याकडे 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' हे खाते काढले, युद्धप्रचारासाठी. त्याचे लघुपट दाखवणे चित्रगृहांना सक्तीचे होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि मुख्य चित्रपटाआधी तिची वार्तापत्रे व अनुबोधपट येऊ लागले. सभागृहातील ज्येष्ठांना ते चांगले आठवत असतील. सरकार बदलले, पण सक्ती राहिली. त्या संस्थेने उत्तम कामही केले, तो तिचा मान कोणी काढून घेत नाही. पण पैसा कोणाचा हा प्रश्न त्या काळी प्रेक्षक विचारत नसे, आणि आजही विचारत नाही.

आता ज्या मालिकेला सर्व जण आदर्श मानतात तिच्याकडे वळू. ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनने १९७३-७४ साली दुसऱ्या महायुद्धावर 'द वर्ल्ड ॲट वॉर' ही २६ भागांची मालिका दाखवली. जेरेमी आयझॅक्स निर्माते, लॉरेन्स ऑलिव्हिए निवेदक. अतिशय मेहनतीने आणि प्रामाणिकपणे केलेले काम. पण दोन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट. २६ भागांत ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी एक भाग आहे. तिथे लढणाऱ्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य सैनिक हिंदी होते. युद्ध संपताना हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाख होती आणि युद्धात सुमारे ८७,००० हिंदी सैनिकांना मरण आले. इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूची मशीनगन-चौकी जिंकली आणि तिथेच ते पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना वाचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघेही बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. आपल्या घरातल्या ज्या मुलाला हिटलरच्या सेनापतींची नावे पाठ आहेत, त्याला ही दोन नावे विचारून पाहा. दोष मुलाचा नाही. त्याने जे पाहिले त्यात ती नव्हती. इटलीतल्या मोंतोने गावाने मात्र जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळाचे स्मारक उभारले.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. या मालिकेत हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट श्पेअर बोलतो. न्यूरेंबर्गच्या खटल्यात वीस वर्षांची शिक्षा भोगून तो १९६६ साली सुटला होता. शांत, सुसंस्कृत, खेद व्यक्त करणारा. ज्यूंच्या सरसकट हत्येची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्याने आयुष्यभर सांगितले आणि जगाने बऱ्याच अंशी ते मानले. २००७ साली त्याचे एक खाजगी पत्र उजेडात आले. ते १९७१ चे होते, म्हणजे मालिका दाखवली जाण्यापूर्वीचे. त्यात त्याने कबूल केले होते की ६ ऑक्टोबर १९४३ रोजी हिमलरने सर्व ज्यूंना ठार करण्याची घोषणा केली तेव्हा आपण हजर होतो. निर्मात्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण यातून बोध घ्यायचा तो असा : जो वाचला, जो चांगले बोलतो आणि ज्याला कॅमेऱ्यासमोर बसायचे आहे, त्याचीच साक्ष आपल्यापर्यंत येते. मेलेल्यांची साक्ष येत नाही.

अलीकडे आणखी एक भर पडली आहे ती रंगाची आणि आवाजाची. पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' हा चित्रपट केला. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे जुने चित्रीकरण स्वच्छ केले, त्याचा वेग सुधारला, रंग भरले आणि ओठांच्या हालचाली वाचून शिपायांच्या तोंडी शब्द घातले. शंभर वर्षांपूर्वीचे शिपाई शेजारच्या घरातल्या मुलांसारखे दिसू लागले. हे मोठेच काम आहे. पण तोफेचा आवाज नंतर घातलेला आहे आणि गवताचा रंग आज कोणीतरी ठरवलेला आहे. जॅक्सन यांनी हे उघडपणे सांगितले. सगळेच सांगतात असे नाही. यापुढे संगणकावर हवे ते दृश्य तयार होणार आहे, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवणे भाग आहे.

आता आपल्या जवळचे युद्ध घेऊ, १९७१ चे. आपण म्हणतो, तेरा दिवसांचे युद्ध. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात ९३,००० जण शरण आले. बांगलादेशी माणूस म्हणतो, नऊ महिन्यांचे मुक्तियुद्ध. त्याचा हिशेब २५ मार्चच्या रात्रीपासून सुरू होतो. झहीर रायहान यांनी १९७१ मध्येच 'स्टॉप जेनोसाइड' हा छोटा माहितीपट केला, तो निर्वासितांच्या हालांविषयी आहे. आपल्याकडे एस. सुखदेव यांनी १९७२ साली 'नाइन मन्थ्स टू फ्रीडम' केला, त्याच्या नावातच नऊ महिने आहेत. एकच युद्ध, पण सुरुवात कुठून धरता यावर ते शेजाऱ्यांमधली लढाई ठरते की एका जनतेचा लढा ठरते. आम्हा कारकुनांना याचे नवल वाटत नाही. आरंभीची शिल्लक कोणत्या तारखेची धरली यावर अखेरची शिल्लक ठरते. युक्रेनचा माहितीपट २०१४ पासून सुरू होतो की २०२२ पासून? गाझाचा ७ ऑक्टोबर २०२३ पासून, १९६७ पासून की १९४८ पासून? पहिली तारीख पाहिली की शेवटचा निष्कर्ष बराचसा आधीच कळतो.

युद्धविरोधी माहितीपटांनाही हाच न्याय लावायचा. आनंद पटवर्धन यांचा 'वॉर अँड पीस' हा १९९८ च्या अणुचाचण्यांनंतरच्या वातावरणावरचा. सेन्सॉरने त्यात कात्री मागितली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००३ साली तो न कापता दाखवण्याची मुभा मिळाली. मुभा मिळाली हे योग्यच झाले. पण पटवर्धनही बाजू घेऊन बोलतात आणि ते त्यांनी लपवलेले नाही. बाजू असणे हा गुन्हा नव्हे. बाजू ओळखता आली म्हणजे झाले.

इतके ऐकून कोणी म्हणेल, "म्हणजे सगळेच खोटे, कशावरच विश्वास ठेवू नये." मंडळी, हे त्याहून धोक्याचे आहे. मार्च २०२२ मध्ये रशियन फौजांनी युक्रेनच्या मारिउपोल शहराला वेढा घातला. ॲसोसिएटेड प्रेसचे म्स्तिस्लाव चेर्नोव्ह आणि त्यांचे सहकारी आत अडकून चित्रीकरण करत होते. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला, त्याची दृश्ये जगभर गेली. रशियाकडून लगेच सांगण्यात आले की हे नाटक आहे, जखमी बाया नट्या आहेत. तसे नव्हते. त्याच चित्रीकरणातून झालेल्या '२० डेज इन मारिउपोल' या माहितीपटाला २०२४ साली ऑस्कर मिळाले. सगळेच खोटे असे आपण एकदा म्हटले की खऱ्या मेलेल्याला आपण दुसऱ्यांदा मारतो, आणि फायदा बॉम्ब टाकणाऱ्याचा होतो. नकली नोट निघाली म्हणून कोणी नोटा घेणे बंद करत नाही. उजेडात धरून पाहतो.

उजेडात धरण्याची गरज मे २०२५ मध्ये आपण सर्वांनी अनुभवली. 'ऑपरेशन सिंदूर'च्या त्या चार दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या काही वाहिन्यांनी दिल्या. तसे काही झालेले नव्हते. संगणकावरच्या खेळातली दृश्ये खरी लढाई म्हणून मोबाईलवर फिरली. बातम्यांच्या कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजवले गेले की १० मे रोजी नागरी संरक्षण खात्याला सांगावे लागले, हे बंद करा, नाहीतर खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक हलणार नाहीत. काहींचे म्हणणे असते की युद्धकाळात असे प्रश्न विचारल्याने जवानांचे मनोधैर्य खचते. आमचे मत उलट आहे. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे त्या घराला खरी बातमी हवी असते. खोट्या विजयाचा जल्लोष ज्याचे कोणीच तिथे नाही त्याला परवडतो.

आणि आता १७ सप्टेंबर.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ तारखेला जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. रणगाडे, तोफा आणि विमाने वापरली गेली, तरी तिचे नाव पडले 'पोलीस कारवाई'. आपल्या घरांत आजही 'पोलीस ॲक्शनच्या वर्षी' अशी कालगणना चालते. नावानेच ठरवून टाकले की हे युद्ध नव्हते. मग युद्धपट कशाचा निघणार? शरणागतीची आणि विमानतळावर सरदार पटेलांना हात जोडणाऱ्या निजामाची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. लोकांच्या नजरेसमोर तीच राहिली.

जे कॅमेऱ्यात आले नाही ते दोन्ही बाजूंचे आहे. कारवाईपूर्वी कासीम रझवीच्या रझाकारांनी जे केले ते मराठवाड्याच्या, बिदरकडच्या, तेलंगणाच्या गावांनी भोगले. गोरटा आणि बैरनपल्ली ही नावे विसरण्यासारखी नाहीत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली किती जण तुरुंगात गेले, हे आपल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात रझाकारांनी त्यांचा खून केला. त्यांचेही चित्रीकरण कुठे नाही.

आणि कारवाईनंतर जे झाले तेही नोंदवायला हवे. नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने गावोगाव फिरून अहवाल दिला. कारवाईच्या वेळी व नंतर मारल्या गेलेल्यांचा, प्रामुख्याने मुसलमानांचा, तिचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले मराठी जिल्हे होते. मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची, विणकर भावाला वाचवणाऱ्या विणकरांची नोंदही त्याच अहवालात आहे. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना वाचता येऊ लागला. आकड्यांबद्दल वाद आहेत आणि ते असावेत. पण पासष्ट वर्षे कागद कपाटात राहिला की वाद आकड्याचा राहत नाही, वाद फक्त आवाजाचा होतो.

म्हणूनच आज एका तारखेला चार नावे आहेत. महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. केंद्र सरकारने २०२४ मध्ये हैदराबाद मुक्ती दिन जाहीर केला. तेलंगण सरकारने २०२२ साली राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले आणि २०२४ साली प्रजा पालन दिन. त्याच वर्षी 'रझाकार' नावाचा तेलुगू कथापट येऊन गेला. जिथे माहितीपट नसतो तिथे कथापट येतो आणि पुढच्या पिढीला तोच पुरावा वाटतो. उद्या एखादी मोठी कंपनी १९४८ वर दहा भागांची मालिका काढील. तिच्यात हैदराबादचा मराठी माणूस असेल का? असला तर केवळ पीडित म्हणून, की आनंदाने नाचणारा म्हणून, की शेजाऱ्याला माळ्यावर लपवणारा म्हणून? हे सगळे झाले आहे. पण त्याचे व्हाउचर कुठे आहे?

यासाठी आमच्या दोन सूचना आहेत.

पहिली घरातली. युद्धावरचा माहितीपट पाहिला की टीव्ही बंद करून मुलांसोबत पाच प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा होता? कॅमेरा कोणत्या बाजूला उभा होता? गोष्ट कोणत्या तारखेपासून सुरू केली? कोण बोलले नाही? रंग, आवाज आणि संगीत यांतले नंतर घातलेले किती? ज्याचे उत्तर मिळत नाही ते खरेही मानू नये आणि खोटेही मानू नये. आमच्याकडे ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. पुरावा येईपर्यंत ती तिथेच राहते आणि कोणी तिच्या जोरावर खर्च करत नाही. मतदान करताना आणि शेजाऱ्याविषयी मत बनवतानाही हा नियम पाळावा.

दुसरी मंडळासाठी. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते ते आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार भागांतल्या जुन्या घरांत अजून अशी माणसे आहेत. त्यांच्या आठवणी मोबाईलवर नोंदवाव्यात. बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, प्रश्न कोणी विचारले, हे सुरुवातीला सांगावे. मध्ये कापू नये. नको वाटणारी आठवण वगळू नये. आणि केवळ मराठी घरांत थांबू नये. शेजारच्या मुसलमान आणि तेलुगू घरांतल्या आजी-आजोबांकडेही जावे. ते आपल्याशी आपल्यासारखेच बोलतील, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण एकाच नळावर पाणी भरले आहे. बीबीसीने १९६४ साली 'द ग्रेट वॉर' या मालिकेसाठी म्हाताऱ्या शिपायांच्या मुलाखती घेऊन ठेवल्या, त्याच आवाजांवर जॅक्सन यांनी २०१८ साली आपला चित्रपट उभा केला. मधल्या ५४ वर्षांत ते सगळे शिपाई गेले, आवाज मात्र राहिले. एवढ्या काटकसरीत एवढे व्याज देणारी दुसरी ठेव आम्हाला तरी ठाऊक नाही.

कार्यकारिणीने याच महिन्यात चार तरुण निवडावेत आणि दिवाळीपूर्वी पहिल्या दहा मुलाखती पूर्ण कराव्यात, अशी विनंती आहे. नोंदी लिहिण्याचे, तारखा लावण्याचे, नावे तपासण्याचे काम आम्ही करू. त्या कामाची आम्हाला सवय आहे.